अष्टमीचा लाडू

घराण्यात बी.एस्सी. झालेली मी पहिलीच. पोरींतही आणि पोरांतही. याचा मला तेव्हाही गर्व होता, आजही आहे. आईला मात्र एकच धास्ती, इतकी शिकलेली पोरगी करणार कोण? भरवेलीच्या खाणीत नोकरीला असलेला मुलगा बघायला येणार म्हटल्यावर तिनं बजावलं, "तोंड बंद ठेवजो. हे स्थळ गेलं तर भाऊबंद हसतीन आपल्याले."

मुलाचे मामा शुक्ल पक्षच पाहिजे म्हणून मुलाला घेऊन अष्टमीला आले. दुपार कलली होती, अंगणात बाजा टाकल्या होत्या. मी रव्याचे लाडू ठेवले. मामांनी पूर्वेकडच्या अर्ध्या चंद्राकडे बोट केलं.

"शिकलेली आहेस ना? सांग, बाकीचा अर्धा कुठं गेला?" आणि मी बोलायच्या आत स्वतःच, "पृथ्वीची सावली!"

आईनं डोळे वटारले. पण चूक ती चूक.

"मामाजी, सावली पडली तर ग्रहण. अन् सूर्य तिकडे, चंद्र इकडे, दोघंही दिसून राह्यले. मधात पृथ्वी आली कुठून?"

मी एक लाडू उचलून चंद्राच्या दिशेनं धरला. उन्हाकडची बाजू उजळ, दुसरी काळपट.

"चंद्राचा अर्धा भाग नेहमीच उन्हात राह्यते. आज आपण बाजूनं पाहून राह्यलो, म्हणून त्यातला अर्धाच दिसते. पुनवेले सूर्य आपल्या पाठीमागं, मंग पुरं तोंड उजळ. शुक्राचंही तसंच, दुर्बिणीतून कोर दिसते."

"शुक्राले हात लावू नको!" मामा कडाडले. "त्याचा अस्त झाला की लग्नं अडतात."

"सूर्याजवळ गेला की दिसत नाही, इतकंच. त्याले लग्नाशी काय करायचं आहे?"

आईनं पदर तोंडाला लावला. मामांशेजारी बसलेल्या मुलानं माझ्या हातातला लाडू घेतला, चंद्राकडे धरून पाहिला, मोठा घास घेतला आणि म्हणाला, "मामा, आता चवथ झाली."

"चूक," मी म्हटलं. "चंद्र कोणी खात नाही. तो पुराच राह्यते."

मामा चपला शोधू लागले. मुलगा मात्र उठला नाही. घास गिळून म्हणाला, "मंग दुसरा लाडू द्या. पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. ताट रिकामं होईस्तोवर.

आमच्या लग्नात मामा सगळ्यांत पुढे. भेटेल त्याला सांगत होते, "पोरगी चांगली आहे. फक्त सावलीचं तिले समजत नाही."