टापांच्या ठशांवरून

घोड्याच्या घामाचा वास आला की माझी पावलं अजूनही आखडतात.

आखाती युद्धानंतरच्या एका हिवाळ्यात बाबांच्या कुवेती साहेबांनी आम्हाला मंगफमधल्या आमच्या घरून वाळवंटातल्या त्यांच्या तंबूंवर नेलं होतं. वाळूत सुरुंग असतील म्हणून सगळे टायरच्या खुणांवरूनच चालत. संध्याकाळी साहेबांची घोडी सुटली आणि खुणा सोडून लांब गेली. बाबा तिच्या टापांच्या ठशांत पाय ठेवत मागे निघाले.

“अहो, फिरा मागे,” आई म्हणाली.

“ती गेली ना नीट? मग मीही जातो. तिच्याहून हलकाच आहे.”

आईनं माझा हात इतका आवळला की बोटं दुखली.

बाबा घोडी घेऊन परतले, तेव्हा मला ते शूर वाटले. आता मीही नोकरी करते, आणि तिथेच उभे असलेले साहेब आठवतात. त्यांनी बाबांना जा म्हटलं नव्हतं. थांबाही म्हटलं नव्हतं.