होळीचा पुरावा
ग्वाल्हेरच्या दौलतगंजात खवा भाजल्याचा वास सुटला की मला कॉलेजात घेतलेला तो तास आठवतो. मी पडद्यावर एआयला विचारलं होतं, ग्वाल्हेरच्या मराठी घरांत होळीला काय करतात? उत्तर आलं, पुरणपोळी; गुजिया, म्हणजे खव्याची करंजी, उत्तरेकडच्या लोकांची. मुलांनी ते निमूट उतरवून घेतलं. एक मराठी मुलगी तेवढी म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे तर दोन्ही होतं." मी तिचं वाक्य टाइप केलं, तशी एआयनं लगेच माफी मागून उत्तर बदललं. मुलगी काही खूश झाली नाही. "ये तो किसी की भी मान लेगा," म्हणाली, आणि होळीनंतर डबा घेऊन आली, खाली पोळ्या, वर गुजिया. वर्गानं बोटं चाटत पुरावा संपवला. अजूनही पडद्यावर उत्तर उमटलं की मी आधी मुलांच्या चेहऱ्यांकडे बघते.