चौथ्या होलचे आठ

पिंपळगाव राजाच्या शिवारात आमचं एक खडकाळ वावर आहे. त्यात धड काही पिकत नाही. माझे यजमान सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले, तेव्हा त्यांनी सावलीपुरती एक ठेवून तिथल्या बाभळी काढल्या, दगड वेचून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकले आणि सहा ठिकाणी डालड्याचे लहान डबे जमिनीत पुरले. प्रत्येक डब्याभोवती वाळू पसरली, तिच्यात ट्रॅक्टरचं जळकं तेल कालवलं आणि फळी फिरवून ती सारखी केली. ज्या छावण्यांत गवत जगत नाही तिथे असंच करतात म्हणे, आणि त्या वाळूच्या गोलाला ब्राउन म्हणतात. डब्यात तुराटी उभी करून तिला लाल चिंधी बांधली, की झालं गोल्फचं मैदान. सुरुवातीला गावातले लोक येऊन बघून गेले. मग कोणी बघेनासं झालं.

खेळायला दोघंच. हे, आणि खामगावचे यांचे पलटणीतले मित्र. मित्रांचं तिथे कापडाचं दुकान आहे. ते मुलांवर सोपवून दर रविवारी स्कूटरवर यायचे, मला भाभी म्हणायचे आणि आल्याबरोबर पाणी मागायचे. सहा होलचे तीन फेरे मारले की पुरे अठरा होतात, म्हणून तीन फेरे.

मी त्या खेळाची काठी कधी हातात धरली नाही. पण कार्ड कसं भरायचं ते मला येतं, कारण संध्याकाळी हे कार्ड घेऊन माझ्यासमोर बसायचे आणि भाजी निवडता निवडता मला ऐकावं लागायचं. या खेळात आपले फटके आपण लिहायचे नसतात. मी तुमचे लिहायचे, तुम्ही माझे. शेवटी प्रत्येक होलचा आकडा ताडून दोघांनीही सही करायची. खरे फटके जास्त आणि कार्डावर कमी, अशा कार्डावर सही झाली तर ते कार्ड बाद. हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट. ती कुठल्या होलवर मिळणार तेही कार्डावर छापलेलं असतं, आपल्या मनाने घ्यायची नसते. यांचा हँडिकॅप नऊ होता. मित्रांचा बराच जास्त. त्यामुळे सूट मिळायची ती मित्रांना, आणि हे त्यांना त्यावरून चिडवायचे.

मग हिवाळ्यातल्या एका सकाळी दात घासताना यांच्या हातून तांब्या पडला. मी आतून ओरडले, काऊन पाडला? उत्तर आलं नाही. उजवी बाजू गेली होती, जीभही. अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे मी सगळं केलं. डॉक्टरांचं ऐकलं, औषधं आणली, भेटायला येणाऱ्यांना चहा विचारला. मुलगी पुण्याहून आली. ती जिन्यात जाऊन रडायची आणि तोंड धुऊन परत यायची. मला म्हणाली, "आई, तूही रडून घे एकदा." मी बरं म्हणाले. पण रडायला काही येत नव्हतं. जेवणाला चव नव्हती, आणि चव नाही याचंही काही वाटत नव्हतं. आपल्या जागी दुसरंच कोणी ही कामं उरकतंय आणि आपण बाजूला बसलोय, असं काहीसं.

घरी आल्यावर बोलणं हळूहळू परतलं. शब्द जड यायचे, पण समजायचे. पाय ओढत चालायला लागले तशी यांनी मैदानावर जायचा हट्ट धरला. मित्रांनी फळी फिरवून ब्राउन पुन्हा सारखे केले, मी प्लास्टिकची खुर्ची घेतली. हे डाव्या हाताच्या जोरावर काठी फिरवायचे, उजवा नुसता टेकवलेला. चेंडू थोडा जायचा, कधी जायचाही नाही. तीन फेऱ्यांचा एक फेरा झाला.

तशी काही कार्डं जमल्यावर मित्रांनी नव्याने हँडिकॅप काढला. नवाचा अठरा झाला, म्हणजे प्रत्येक होलवर एक फटका सूट. मित्रांना ते सांगवेना. त्यांनी कागद माझ्याकडे दिला. मी वाचून दाखवला.

"वाढला तं वाढला," हे म्हणाले. "लिहून टाक."

यांच्या उजव्या हातात पेन धरवत नव्हतं, म्हणून मित्रांच्या कार्डावर यांच्या वतीने मी लिहायची. हे आकडा सांगायचे, मी मांडायची. यांच्या कार्डावर मित्र लिहायचे. मीही मनातल्या मनात यांचे फटके मोजायची, मुद्दाम नव्हे. डोकं रिकामं होतं, त्यात आकडे सहज जाऊन बसायचे.

होळीनंतरच्या एका रविवारी हे बरे खेळत होते. पहिल्या तीन होलवर चेंडू सरळ गेला. मित्र "वाह, सुभेदारसाब" म्हणत होते. चौथा होल नाल्याच्या कडेला आहे. तिथे यांचा चेंडू गोट्यांत अडकला. एकदा काठी दगडावर आपटली, एकदा चेंडू जागचा हलला आणि तिथेच बसला. हे थांबले, श्वास घेतला, पुन्हा मारला. ब्राउनवर पोचून डब्यात चेंडू पडला तेव्हा यांचा सदरा भिजला होता. मित्र जवळ जाऊन म्हणाले, "चला, झालं." आणि कार्डावर काहीतरी लिहिलं.

शेवटी बाभळीखाली बसलो. मी थर्मासमधून चहा ओतला. सही करण्याआधी आकडे वाचून दाखवायचं काम माझं. पहिला, दुसरा, तिसरा वाचला. चौथ्यावर सहा लिहिलेलं होतं.

मी थांबले. यांनी माझ्याकडे पाहिलं.

"किती?"

"सहा लिहिलेत."

"सहाच झाले काय?" यांचा हिशोब चुकला होता, ते तोंडावर दिसत होतं. आजारपणानंतर मध्येच धागा सुटायचा.

मित्र चहाच्या कपात बघत होते. मी हो म्हणाले असते तर कोणाचं काही बिघडलं नसतं. मी तसा विचारही केला नाही, विचार करण्याइतकी मी जागी नव्हतीच. मोजलेलं होतं ते तोंडातून निघालं.

"आठ झाले."

"भाभी," मित्र म्हणाले, "जाऊ द्या न. दोनच तं फटके हायेत."

"काऊन जाऊ द्या?" यांचा आवाज चढला आणि शब्द जास्तच अडखळले. "मी... मी मारले न ते? तू मारले का? आठ लिही."

"अरे, बिमार माणूस हायेस तू. कोण पाहून राह्यलं इथं?"

"आठ लिही बे."

मित्रांनी सहावर रेघ मारली, आठ लिहिलं, बाजूला आपली खूण केली. यांनी डाव्या हाताने सही केली. ती सही मला अजून ओळखीची झाली नव्हती.

पण हे तेवढ्यावर थांबले नाहीत. मला म्हणाले, "आता हँडिकॅपच्या रकान्यात सात लिही."

ते बरोबर होतं. हँडिकॅप काढताना एका होलवर ठराविक मर्यादेपलीकडचे फटके धरत नाहीत. चार फटक्यांचा होल, वर नियमाने धरायचे दोन, वर सूट मिळालेला एक. सात. एखादा होल कितीही बिघडला तरी त्याच्यापुढे जात नाही.

"नियमानं भेटते तेवढी सूट मी घेतो," हे मित्रांना म्हणाले. "तुह्याकडून नाही घेत."

मित्र त्या दिवशी एका फटक्याने जिंकले. सहा राहिले असते तर हे जिंकले असते. जिंकणाऱ्याने काठ्या गोळा केल्या. स्कूटर सुरू करताना मला म्हणाले, "येतो भाभी," आणि यांच्याकडे न बघता गेले. हे मात्र घरी येऊन पोटभर जेवले.

पुढच्या रविवारी मित्र आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. हे सकाळपासून बूट घालून ओट्यावर बसायचे आणि दुपारी मी ते काढायची. शेवटी मी फोन लावला.

"भाभी, मले वाटलं तो नाराज हाय माह्यावर," मित्र म्हणाले. "माही नियत खराब नव्हती. त्याले असं खेळताना पाहवत नाही मले."

मी म्हणाले, "ते बूट घालून बसतात."

मित्र म्हणाले, "येतो."

ते आले. कोणी मागचं काढलं नाही. पहिल्या होलवर हे म्हणाले, "आज तुले हारवतो," आणि मित्र म्हणाले, "हाव, हारव." ऊन चढायला लागलं होतं. मी बाभळीखाली खुर्ची टाकली, मित्रांचं कार्ड मांडीवर ठेवलं, पेन उघडलं. दोघं हळूहळू लांब गेले. यांचा एक पाय ओढल्याचा आवाज येत होता, मग तो येईनासा झाला.

मला झोप लागली. दवाखान्यापासून मी नीट झोपलेच नव्हते, हे मला उठल्यावर कळलं. मान वाकडी झाली होती, पेन मातीत पडलं होतं आणि दोघं माझ्यासमोर उभे होते. सहा होल खेळून झाले होते.

"उठवलं काऊन नाही?" मी विचारलं.

"झोपली होतीस," हे म्हणाले.

मित्रांचं कार्ड कोरं होतं. आठवून भरता आलं असतं, पण हे नको म्हणाले. त्या दिवशीचा खेळ धरला नाही. मित्रांनी माझी खुर्ची उचलली, आणि आम्ही तिघं धुऱ्याधुऱ्याने घराकडे निघालो.