कमरेमागचे हूक

शुक्रवारी दोहातल्या अबू हमूरच्या चर्चमध्ये मासची प्रार्थना, बाकी आठवडाभर शिलाई मशीन... भुताखेतांवर विश्वास ठेवणारी मी नव्हे. पण ही गोष्ट अजून नवऱ्यालाही सांगितलेली नाही.

इथेच दोहात, मुशैरिबला एका परदेशी नॅशनल बॅले कंपनीचा शो होता. देशाचं नाव मुद्दाम देत नाही. कपडे सांभाळायला मला घेतलं होतं. सोबत कंपनीच्या इतिहासाचं छोटं प्रदर्शन, त्यात एक पांढरा ड्रेस. कंपनी स्थापन करणाऱ्या बाईंनी तो पडद्याच्या कापडातून स्वतः शिवला आणि पहिल्या शोमधली मुख्य भूमिका त्यातच केली. तेव्हापासून ती भूमिका करणारी प्रत्येक मुलगी तोच घालते. मात्र आधी तिचं नाव आतून शिवायचं, मगच ड्रेस अंगात घालायचा. कपड्यांच्या प्रमुख मादामनी हे मला बजावलं होतं. मला वाटलं, धोब्याची खूण असते तसंच काहीतरी.

माझी लेक रिआना तेव्हा बॅले शिकायची, त्या दिवशी ती माझ्यासोबत आली होती. दुपारी सगळे जेवायला गेले होते. म्हटलं, तिला तो ड्रेस घालून एक फोटो काढू.

"मम्मा, आर वी अलाउड?"

"दोन मिनिटं गं! कोण बघतंय?"

मागचे हूक मी सगळ्यात सैल ओळीत अडकवले, लांब झाले आणि दोन्ही हातांत फोन धरला.

"मम्मा, डोन्ट पुल!"

मी भिंतीपाशी होते.

"मम्मा, सोड गं!" घरात कधी मराठीतून उत्तर न देणारी माझी पोर मराठीत ओरडली.

आरशात तिची पाठ दिसत होती. हूक एकेक करून आतल्या ओळीत जात होते. आपोआप. कमरेशी कापड दोन्हीकडून दबलेलं, कुणीतरी तळवे ठेवल्यासारखं. टाचा जमिनीवरून उचललेल्या... ओठ निळे. मी धावले, पण एकही हूक निघेना. कात्री लावली, ती कापडावरून नुसती घसरली.

तेवढ्यात मादाम दारात. ओरडल्या नाहीत. ॲप्रनला खोचलेली सुई माझ्या हातात देऊन एवढंच विचारलं, "हिचं नाव?"

ड्रेसच्या पाठीची कड उलटून मी नाव शिवलं. शेवटचा दोरा तोडला आणि सगळे हूक एकदम सुटले.

"आता उसवू का?" मी विचारलं.

मादाम म्हणाल्या, "नाही. आत जिचं नाव, तिला एकदा त्यात नाचावं लागतं."

ड्रेस त्यांच्या देशी परत गेला. रिआनानं बॅले सोडलं. एकदा म्हणाली, "यू रिमूव्ड माय नेम, राइट?"

"हो गं बाळा. खलास."

खोटं बोलले मी.

हे नेमकं काय आहे, मला आजही सांगता येत नाही. काल स्वयंपाकघरात वरचा डबा काढायला ती टाचा उचलून उभी राहिली. डबा हातात आला, तरी टाचा खाली येईनात.

"मम्मा," ती मागे न बघता पुटपुटली, "सोड ना."

मी दारात उभी होते.