बाबांच्या उजव्या कानाशी

माझी वहिनी चौथी पास. मी त्या वर्षी खोपोलीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, तेही इंग्रजी घेऊन. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून लोक मलाच नावं ठेवतात. ठेवा खुशाल. फक्त चौथी आणि बी.ए. यातला फरक ध्यानात ठेवून ठेवा.

आम्ही मोहोपाड्याला राहायचो. बाबा रसायनीच्या एका कारखान्यात फिटर होते. पन्नाशी ओलांडली नाही तोच साखरेनं त्यांचे डोळे नेले. आधी सगळं धुरकट, मग नुसता उजेड कळायचा, मग तोही कळेना. आई मी आठवीत असतानाच गेली होती आणि दादा शिफ्टमध्ये अडकलेला. मग बाबांना होतं कोण? मी. सकाळी पेपर मी वाचून दाखवायचे, गोळ्या मी द्यायचे, दारात कोण आलं ते मी सांगायचे. "ही माझं डोळं हाय," असं बाबा आल्यागेल्याला सांगायचे. ते ऐकायला मिळावं म्हणून मी पाणी द्यायच्या निमित्तानं मुद्दाम पुढच्या खोलीत यायचे.

अशात शेजारच्या चाचीकडे व्हीसीआर आला. चाचीचा नवरा दुबईला होता. सुट्टीवर येताना त्यानं रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि एक पिशवी भरून कॅसेटी आणल्या. कॅसेटी सगळ्या इंग्रजी. अर्ध्या मारामारीच्या, अर्ध्या हसवायच्या. खाली अरबी अक्षरं यायची. चाचीला ती अक्षरं ओळखता यायची, कधीमधी एखादा शब्द जुळवून मोठ्यानं वाचायचीसुद्धा, पण अर्थ तिलाही कळायचा नाही. रविवारी दुपारी जेवणं उरकली की आमच्या ओळीतली सगळी बायकापोरं चाचीच्या पुढच्या खोलीत. आणि बाबा! बाबांना इंग्रजी मारामारीचं भारी वेड. डोळे होते तेव्हा दोस्तांबरोबर पार कल्याणला जाऊन बघून यायचे. चाचीनं त्यांच्यासाठी भिंतीकडेला एक खुर्ची ठेवली होती.

बाबांना डाव्या कानानं नीट ऐकू येत नसे. म्हणून उजव्या बाजूला एक स्टूल. त्या स्टुलावर बसून पिक्चर सांगायचा मान माझा. एकच स्टूल होतं, हे लक्षात असू द्या.

आता खरं बोलायचं तर, मला चार आण्यांचंही कळायचं नाही. कॉलेजात आम्हाला शिकवायचे फुलांच्या आणि पाखरांच्या कविता. आणि हे बाप्ये तोंडात गुळणी धरल्यासारखे बोलणार. मी एक वाक्य पकडून त्याचं मराठी जुळवेपर्यंत पडद्यावर काहीतरी फुटलेलं असायचं.

"धडाका कसला झाला गं?" बाबा विचारायचे.

"थांबा बाबा, आधीचं सांगू द्या. तो म्हणाला, मला तुमच्या अटी मान्य नाहीत."

"बरं, मान्य नायत. पण फुटलं काय?"

"गाडी असेल बहुतेक."

तरी सगळी खोली माझ्याकडे बघायची. चाची म्हणायची, "बेटी किती शिकलेली!" बाबा मान ताठ करून बसायचे. मला तेवढं पुरेसं होतं. चांगले सहा-सात महिने असे गेले. माझ्या आयुष्यातले सोन्यासारखे दिवस, कुणी काही म्हणो.

उन्हाळ्यात दादाचं लग्न झालं आणि ही आली, कर्जतकडच्या एका डोंगरपायथ्याच्या गावातून. माझ्यापेक्षा जेमतेम वर्षानं मोठी. रंगानं सावळी, अंगानं काटकुळी, हसायला आली की पदराचा बोळा तोंडात कोंबायची. घरात आल्याआल्या तिनं मला बाय म्हणायला सुरुवात केली, सासऱ्यांना मामा. स्वयंपाक बरा करायची. मी म्हटलं, चला, मला अभ्यासाला वेळ मिळेल. घ्या! आयत्या बिळावर नागोबा कसा येऊन बसतो ते मला तेव्हा कुठं ठाऊक होतं?

तिचा पहिलाच रविवार. ती बायकांत मागं, बाबांच्या खुर्चीला खेटून बसलेली. पडद्यावर गाड्या एकीमागं एक पळत होत्या. मी एक वाक्य डोक्यात जुळवत होते, तेवढ्यात ही आपल्याशीच बोलल्यासारखी, पण चांगली मोठ्यानं, बोलली, "अरं अरं अरं, घाटातल्या टेंपोवानी निघालाय मेला! म्हातारीच्या पाट्या उडवल्यान. सगली कलिंगडं रस्त्यावर! आता तो टकल्या घसरतंय बघा त्याच्यावरनं... घसरला, घसरला! आपटला गं बाय!"

बाबांचं डोकं गर्रकन मागं फिरलं. "कोण घसरला?"

"तो टकल्या, मामा. मघाधरनं आपल्या माणसाच्या पाठी लागलेला. आता कलिंगडात बसलाय. तोंडाला सगला गर."

बाबा हसले. नुसते हसले नाहीत, खोकला लागेपर्यंत हसले. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं. आणि मला काय वाटलं म्हणता? आनंद? छट्! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"तो टकल्या नाही, त्याचं नाव वेगळं आहे," मी म्हटलं.

"असू दे गं," बाबा म्हणाले. आणि मग अगदी सहज, पाणी मागावं तसं म्हणाले, "तू जरा सरक. हिला बसू दे इथं."

मी सरकले. काय करणार, भरल्या खोलीत?

त्यानंतर स्टूल तिचं झालं. एक अक्षर इंग्रजी येत नव्हतं, पण तिला त्याचं काही नाही. जे दिसेल ते सांगायची, जे ऐकून कळणार नाही ते मनानं भरायची. मोठा ऑफिसर दिसला की तो सायेब. हिरो म्हणजे आपला माणूस. हिरोच्या बायकोला सासरचा जाच असणारच. दोन गोरे तावातावानं भांडायला लागले की, "ह्यांचा बांधाचा वाद हाय, मामा." बांधाचा! अमेरिकेत! मी मागं बसून दात-ओठ खायचे. पोरंटोरं तिच्याकडे बघायची, चाची तिला आग्रहानं खजूर द्यायची. आणि घरी आल्यावरही बाबा तिलाच विचारायचे, "मग गं, तो टकल्या पुढं कुठं गेला असल?" पेपर मीच वाचायचे. पण पेपर वाचताना बाबा आता मधेच म्हणायचे, "बास आज."

मी काय काय केलं ते सांगते, लपवून काय उपयोग? तिच्या भाकरीला नावं ठेवली. आमटी खारट नसताना खारट म्हटली. तिला "पुस्तकं" लिहायला सांगून ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या. ती हसायची नि म्हणायची, "तुमचं बरंय बाय, तुमी शिकलाव." टोमणाही धड कळू नये माणसाला?

पावसाळा संपता संपता एका रविवारी चाचीनं नवी कॅसेट लावली. एक शिपाई असतो, लढाई संपवून घरी बसलेला. त्याचा जुना दोस्त शत्रूच्या देशात कैदेत सापडलाय असं त्याला कळतं. तो एकटा त्याला सोडवायला जातो. बाबा खुर्चीच्या पार कडेला येऊन बसले होते. दोस्तांवर त्यांचा फार जीव, कारखान्यातले आता कुणी फिरकत नव्हते तरी. वहिनी जंगल सांगत होती, चिखल सांगत होती, पिंजऱ्यातला तो दाढी वाढलेला दोस्त सांगत होती. त्याला पिंजऱ्यातून काढला, खांद्यावर घेतला, आणि लाईट गेली.

वीज आमच्याच तालुक्यात, खोपोलीला तयार व्हायची, आणि आमच्याकडचीच पहिली जायची. बायका उठायला लागल्या. बाबा मात्र हलेनात. "आता गं?" ते वहिनीला म्हणाले. "पोचतो का तो?"

"पोचतोय की, मामा. बसा." आणि बंद पडलेल्या टीव्हीकडे बघत ही बया पुढचा पिक्चर सांगायला लागली! नदी लागली, पोहून आले. दोस्ताला ताप चढला, आपल्या माणसानं त्याला पाला वाटून पाजला. विमानानं आणून सोडला त्याच्या गावाच्या फाट्यावर. उठलेल्या बायका परत बसल्या. "तितून चालत आला, काठी टेकत. दार वाजवलान. पोरीनं दार उघडलान. पोर वलखतच नाय आधी. मंग तो बोलला आणि आवाजावरनं वलखला तिनं. बाबा, म्हटलान, आणि मिठीच मारली."

चाचीनं डोळे पुसले. बाबा म्हणाले, "पोचला. बरं झालं." मी मात्र मनात म्हटलं, थांब, बघतेच तुला.

आठवडाभर बाबांनी तो पिक्चर दारात येईल त्याला सांगितला, पेपरवाल्यालासुद्धा. "शेवटी पोचला बरं का घरी, आपल्या पायानं." दर वेळी माझ्या पोटात दुखायचं. शुक्रवारी मी कॉलेज बुडवलं आणि चाचीच्या हातापाया पडून ती कॅसेट परत लावून घेतली. शेवटचाच भाग. नदी नव्हती, पाला नव्हता, दार नव्हतं. दोस्त हेलिकॉप्टरमध्येच मरतो. शिपाई एकटा परत येतो.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! त्या बिचाऱ्याचा जीव गेला आणि मी चपला हातात घेऊन घरी पळत आले.

बाबा चहा पीत होते. वहिनी स्टोव्हपाशी होती, मी मुद्दाम तिला ऐकू जाईल असं बोलले. "बाबा, तो दोस्त मेला. मी आत्ता बघून आले. हेलिकॉप्टरमध्येच मेला. घरीबिरी कुणी पोचलं नाही. वहिनीनं सगळं मनचं सांगितलं."

बाबांचा बशीचा हात तसाच राहिला. "मेला?"

"हो."

"वाटेतच?"

"हो, बाबा. मी स्वतः बघितलं."

बशी त्यांनी खाली ठेवली. चहा तसाच होता. मग म्हणाले, "खरं ते खरं. यापुढं तूच सांगत जा."

जिंकले मी! रात्रीच्या भाकऱ्या थापताना वहिनी भांडेल, रडेल, दादाला सांगेल, अशी मी वाट बघत होते. उत्तरं तयार होती माझी. तिनं फक्त हळूच विचारलं, "बाय, खरंच मेला का वो तो? मला वाटलावतं, एवढा खांद्यावरनं आणलान, तर जगंल." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या तयार उत्तरांतलं एकही तिथं उपयोगाचं नव्हतं, म्हणून मला तिचा आणखीनच राग आला.

पुढच्या रविवारपासून स्टूल परत माझं. वहिनी चाचीच्या आतल्या दाराशी उभी राहून बघायची. बाबांनी एकदा बोलावलं तर म्हणाली, "नको मामा, मला काय इंग्रजी येतंय?" मी मात्र जिवाचं रान केलं. आधल्या दिवशी डिक्शनरी घेऊन चाचीकडे जायचे, पिक्चर थांबवून थांबवून अर्थ काढायचे, वहीत लिहायचे. आता माझं एकही वाक्य चुकत नव्हतं. टकल्याचं नाव मी बरोबर सांगायचे. बाबा "हं" म्हणायचे. कधी कधी माझं बोलणं चालू असताना त्यांचा डोळा लागायचा. मी त्यांचा हात हलवून जागं करायचे आणि पुढचं सांगायचे.

दिवाळीनंतरचा एक रविवार. हसवायचा पिक्चर होता. एक जाडा माणूस रंगाचा डबा घेऊन शिडीवर चढलेला. बोलणं काहीच नाही, त्यामुळे माझी वही कोरी. शिडी हलली, डबा खाली उभ्या असलेल्या बाईच्या डोक्यात उपडा झाला, आणि तो जाडा खालच्या हौदात.

"तो शिडीवरून पडला, बाबा," मी म्हटलं. "पाण्यात."

"हं."

आणि आतल्या दारातून हसू आलं. पदराचा बोळा तोंडात कोंबूनही न मावणारं. बाबांनी तोंड तिकडे फिरवलं, माझ्याकडे पाठ करून.

"काय झालं गं?"

"पडला, बाबा," मी परत सांगितलं. "शिडीवरून पडला. रंग सांडला."

"तुला नाय गं विचारत," बाबा म्हणाले.

ते दाराकडे तोंड करून थांबले, हसायच्या तयारीत, ओठ जरा उघडे. वहिनीनं त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मी नुसती मान हलवली असती तरी ती आली असती. स्टूल सोडायलाही नको होतं, मी थोडी सरकले असते तरी भागलं असतं. मी वहीचं पान उलटलं.

"काय नाय मामा," ती दारातूनच म्हणाली. "असंच हसायला आलं."

बाबा आणखी थोडा वेळ तसेच राहिले. मग हळूहळू त्यांनी तोंड इकडे वळवलं आणि उजवा कान माझ्याकडे केला.

"हं," म्हणाले. "सांग तू."