फादर बोनिफासचा कोनाडा

लुद्विना परेराचं फादर बोनिफास मिस्किटांशी जुनं वैर होतं, आणि फादरना त्याचा पत्ताच नव्हता. त्यांना जाऊन पंचवीसेक वर्षं झाली होती. मेलेल्या माणसाशी, तेही रोमनं ज्याला धर्मासाठी जीव दिलेला रक्तसाक्षी मानून धन्य, म्हणजे संतपणाच्या आधीच्या पायरीवरचा, ठरवायचं नक्की केलंय अशा माणसाशी वैर धरायचं म्हणजे छाती लागते. ती लुद्विनाकडे होती. आईकडून आलेली.

तिची आई अनास्तास मासळी विकायची. पहाटे खारदांड्याला जाऊन टोपली भरायची आणि सांताक्रूझला, विमानतळाच्या भिंतीला चिकटलेल्या गावठाणात दारोदार फिरायची. तोंड असं की पापलेट दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. एकदा टेम्पोतून उतरताना टोपलीसकट पडली आणि डावा हात मनगटाच्या वर मोडला. हॉस्पिटलात जायचं सोडून ती कुठल्याशा हाडवैद्याकडे गेली. त्यानं हात जोडला खरा, पण वाकडा. त्याच वाकड्या हातानं तिनं पुढं मासळीही कापली आणि लुद्विनाला धपाटेही घातले.

घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून लुद्विना विशी ओलांडताच कुवेतला गेली. लोकांची पोरं सांभाळ, लोकांचे म्हातारे न्हाऊ घाल, हे काम. आई गेल्याचा फोन आला तेव्हा मालकानं पासपोर्ट दिला नाही. आईला शेवटची आंघोळ शेजारणींनी घातली. माझ्या आईला परक्या हातांनी न्हाऊ घातलं, हे लुद्विना पुढं कधी कोणापाशी बोलली नाही, पण विसरलीही नाही.

त्याच पंधरवड्यात फादर बोनिफासही गेले. गावठाणातलाच मुलगा, सगळे त्यांना बोनी म्हणायचे. दूर जंगलातल्या एका मिशनमध्ये शाळा चालवत होते. एके दिवशी हत्यारं घेऊन माणसं आली. गळ्यातला क्रूस काढ, पायाखाली घे आणि चालता हो, म्हणाली. फादरनी क्रूस मुठीत धरला आणि खाली बसले. डोक्यात लाठ्या घालून त्यांना तिथंच मारलं. पेटी गावठाणात आली तेव्हा चूल कोणाच्या घरी पेटली नाही. पाद्र्यांच्या रांगेत नको, मला आपल्या माणसांत पुरा, असं ते आधी कधीतरी म्हणाले होते, म्हणून त्यांना सगळ्यांमध्येच पुरलं. शेजारी नुकतीच पुरलेली अनास्तास होती.

मुंबईत जिवंत माणसाला जागा नाही, तिथं मेलेल्याला कायमची कुठून मिळणार? काही वर्षांनी कबर उघडतात, हाडं काढतात. ज्यांचं कोणी येतं त्यांची हाडं पेटीत घालून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, वर नावाची फरशी बसवतात. ज्यांचं कोणी येत नाही त्यांची हाडं दफनभूमीच्या कोपऱ्यातल्या विहिरीत जातात. ही पाण्याची विहीर नाही, हाडांची. चर्चच्या दारावर महिनाभर नोटीस लागते. लुद्विनाच्या आईच्या नावाची लागली तेव्हा लुद्विना कुवेतला होती, आणि तिला कळवावं असं कोणाला सुचलं नाही.

ती परत आली तेव्हा आईच्या जागी दुसरंच कोणी झोपलेलं. आई विहिरीत. आणि तिच्या शेजारी झोपलेल्या फादरना भिंतीत पांढऱ्याशुभ्र संगमरवराचा कोनाडा. वैराचं मूळ ते एवढंच. फादरनी काही केलं नव्हतं, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण राग काढायला माणूस लागतो, आणि विहिरीवर काय रागावणार?

कोनाड्यापाशी गर्दी व्हायला लागली. रोमचा निकाल येईपर्यंत इथं मेणबत्त्या लावू नका, नवस बोलू नका, अशी पाटी चर्चनं लावली. लोकांनी पाटीलाच हार घातला. येणारे फक्त ख्रिस्ती नव्हते. दहिसरहून जया यायची. मूळची मालवणकडची, तिच्या मुलाला फिट्स यायच्या त्या थांबल्या, तेव्हापासून दर बुधवारी हजर. माणसं फरशीला ओठ लावत, कपाळ टेकत. खुद्द बिशपांनी टेकलं. अख्ख्या गावठाणात त्या फरशीला हात न लावलेली एकटी लुद्विना.

आता धन्य ठरवण्याचा सोहळा जवळ आला. त्याआधी हाडं उघडून, तपासून, धुऊन नव्या पेटीत ठेवायची रीत असते. चर्चचे तरुण प्रमुख फादर जर्विस लुद्विनाच्या दारात आले. ती हल्ली बिल्डिंगांमधल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालायचं काम करायची.

"आंटी, हाडं धुवायला कोणीतरी न घाबरणारं पाहिजे," फादर जर्विस म्हणाले.

"गावात भक्तिणी काय कमी आहेत, फादर? त्यांना सांगा ना."

"त्या रडतील नाहीतर बेशुद्ध पडतील. तू दोन्ही करणार नाहीस."

हे खरं होतं, म्हणून ती हो म्हणाली. शिवाय ज्याच्यावर इतकी वर्षं डूख धरला तो एकदा बघावा, असंही मनात होतं.

दफनभूमीतल्या चॅपलमध्ये टेबलावर पांढरी चादर घातली होती. आत मोजकीच माणसं. फादर जर्विस, बिशपांकडून आलेले एक वयस्कर पाद्री, हाडांची तपासणी करणाऱ्या डॉक्टर अक्षता राणे, लुद्विना आणि कबरी खणणारा कुंडलिक. वयस्कर पाद्र्यांनी सगळ्यांकडून बायबलवर हात ठेवून शपथ घेतली, की फादर बोनिफासच्या हाडांतला कणही कोणी नेणार नाही आणि इथलं बाहेर बोलणार नाही. कुंडलिक बुद्धाला मानणारा, पण त्यानंही घेतली. हे काम त्याच्याकडे सासऱ्यांकडून, अण्णांकडून आलं होतं. फादर आणि अनास्तास, दोघं पुरले गेले ते अण्णांच्या हातानं. हाडं काढायची वेळ आली तेव्हा अण्णा अर्धांगानं पडले होते आणि कुंडलिकला इथं येऊन आठवडाही झाला नव्हता. कपडा, लाकूड सगळं मातीनं खाल्लेलं होतं, तो सांगायचा, नुसती हाडं तेवढी उरली होती.

फरशी काढली, पेटी उघडली. लुद्विनानं कोमट पाण्यात कापूस बुडवला आणि कामाला लागली. कवटी, मान, फासळ्या. म्हाताऱ्यांना न्हाऊ घालताना असायचा तसाच हलका हात. आपल्याला राग येत नाहीये, हे तिच्या लक्षात आलं आणि तिलाच नवल वाटलं. संगमरवराच्या आत माणूसच होता तर. डाव्या हाताचं हाड उचललं आणि ती थबकली. मनगटाच्या वर ते वाकडं जुळलेलं होतं. फादरचाही हात मोडला होता वाटतं, ती मनात म्हणाली, फुटबॉल खेळायचे ना. तिनं ते हाड जरा जास्त वेळ पुसलं आणि खाली ठेवलं.

तिकडे डॉक्टर अक्षता कवटी उलटीपालटी करून बघत होत्या. "डोक्यावर लाठ्या बसल्या होत्या म्हणालात ना? इथं साधी चीरसुद्धा नाही."

वयस्कर पाद्र्यांचे डोळे भरून आले. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. "देवानं आपल्या सेवकाची हाडं मोडू दिली नाहीत."

"एक मिनिट, फादर." डॉक्टरांनी कमरेचं हाड हातात घेतलं, खिडकीकडे नेलं, फिरवून पुन्हा पाहिलं. मग त्या अगदी सावकाश बोलल्या. "हे फादर नाहीत. ही बाई आहे. पन्नाशीची असेल."

डोक्यावरून विमान गेलं. फादर जर्विस बाकावर बसले ते धपकन. वयस्कर पाद्र्यांचा हात छातीशी अर्धवट राहिला होता, तो खाली घ्यायचंही त्यांना सुचलं नाही.

"कुंडलिक," फादर जर्विसनी महत्प्रयासानं विचारलं, "काढताना क्रूसाच्या कुठल्या बाजूला खणलंस रे?"

"चॅपलच्या बाजूला, फादर. सगळ्यांचं तिकडेच असतं ना. क्रूस डोक्याशी, पाय चॅपलकडे."

"आणि पाद्र्याचे?"

कुंडलिकला प्रश्नच कळला नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सामान्य माणसाचे पाय चॅपलमधल्या वेदीकडे करून पुरतात, म्हणजे शेवटच्या दिवशी तो उठेल तेव्हा वेदीकडे बघत उठेल. पाद्र्याला उलटा पुरतात, डोकं वेदीकडे. जन्मभर लोकांकडे तोंड करून उभा राहिला, तसाच त्यानं उठावं म्हणून. फादर बोनिफासचा क्रूसही डोक्याशीच होता, पण कबर होती क्रूसाच्या पलीकडे, चॅपलपासून दूर. अलीकडे होती ती भलत्याच माणसाची कबर. तिचा लाकडी क्रूस वाळवीनं केव्हाच फस्त केला होता.

"मग पलीकडचा खड्डा?" फादर जर्विसनी विचारलं.

"तो मी शेजारणीचा समजलो. तिचं मागायला कोणी आलं नव्हतं, म्हणून..." कुंडलिकनं खिडकीतून बाहेर, दफनभूमीच्या कोपऱ्यातल्या विहिरीकडे पाहिलं. मग एकदम त्याची नजर लुद्विनाकडे वळली आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

लुद्विनाला कळायला तेवढा वेळही लागला नव्हता. तिनं ते वाकडं हाड पुन्हा उचललं होतं. मघाशी ते फादरचं होतं, तेव्हा नुसतं हाड होतं. आता तिच्या पाठीत धपाटा बसला, टोपलीचा वास आला, हाक ऐकू आली. "आई," ती म्हणाली.

आणि मग, देव क्षमा करो, तिला हसू फुटलं. ज्या बाईनं कोणाला पापलेटाला बोट लावू दिलं नाही, तिला अख्खं गाव ओठ लावून गेलं होतं. बिशपांनी तिच्यापुढं कपाळ टेकलं होतं. जयाच्या पोराच्या फिट्स तिच्यापुढं थांबल्या होत्या. आई वरून किती शिव्या घालत असेल, या विचारानं लुद्विना हसत सुटली, आणि हसता हसता कधी हुंदके द्यायला लागली ते तिचं तिलाच समजलं नाही. डॉक्टर अक्षतांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

वयस्कर पाद्री प्रथम सावरले. "पेटी बंद करा," ते घाईनं म्हणाले. "बिशपांना विचारल्याशिवाय पुढं काही नाही. बाई, तुम्ही शपथ घेतलीय."

"फादर बोनिफासच्या हाडांची घेतलीय, फादर," लुद्विना डोळे पुसत म्हणाली. "ही त्यांची नाहीत. ही माझी आई आहे. ती पुन्हा त्या पेटीत बंद होणार नाही."

वयस्कर पाद्र्यांनी टेबलावरच्या हाडांकडे आणि तिच्याकडे पाहिलं. मग खुर्चीत बसले आणि एकदम थकलेले दिसले. "खरंय," ते म्हणाले. "धन्य व्हायला हाडं लागत नाहीत. त्यानं जीव दिला, ते खोटं होत नाही. सोहळा होईल."

"पण फादर बोनिफास?" कुंडलिकनं विचारलं. तो रडत होता. "विहिरीतून त्यांना वेगळं कसं काढणार? शेकडो माणसं आहेत तिथं."

"नाही काढता येणार," फादर जर्विस म्हणाले. "राहू देत. आपल्या माणसांत पुरा म्हणाले होते."

लुद्विनानं हे ऐकलं आणि फादरवरचा तिचा राग संपला. आईच्या वाट्याची विहीर इतकी वर्षं तो माणूस सोसत होता, एक शब्द न बोलता. जमलं तर उद्या विहिरीवर जाऊन त्यांची माफी मागायची, असं तिनं ठरवलं.

पण ते उद्या. समोर आई अर्धी ओली, अर्धी मातीची पडली होती, आणि पोटची पोर शेजारी उभी होती.

"कुंडलिक," ती म्हणाली, "रडू नको. हे पाणी निवलंय, ओतून दे. चांगलं ऊन ऊन घेऊन ये. आईला गार पाणी सोसायचं नाही."

तो बादली घेऊन गेला. लुद्विनानं ओढणी कमरेला घट्ट बांधली, जुना कापूस टाकून नवा घेतला, आणि आईची आंघोळ पुन्हा डोक्यापासून सुरू करायला पाण्याची वाट बघत उभी राहिली.