डाव्या हाताची गिटार

मला एका जागी बसता येत नाही. आई म्हणते, माझ्या बुडाले चाकं आहेत. पूर्वी ते खपून जायचं, कारण पाय कितीही हलले तरी हात गिटारवर असायचे. आठवडाभर विमा ऑफिसात कारकुनी आणि शनिवार-रविवारी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार, असं माझं झकास चाललं होतं. मग एका मे महिन्यात कूलरच्या पंख्यानं माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली.

झालं ते असं. कूलरचं पाणी नीट पडत नव्हतं. मी बटण बंद केलं, मागची ताटी काढली आणि चोक झालेली नळी मोकळी करायला आत हात घातला. तेवढ्यात बाबा भर उन्हातून घरी आले. नागपुरात मे महिन्यात बाहेरून आलेला माणूस आधी काय करतो? चपला काढायच्या आधी कूलर लावतो. बाबांनीही लावला.

त्या दिवसापासून त्यांनी कुठल्याच बटणाला हात लावला नाही. अंधार पडला तरी तसेच बसून राहत आणि आई आली की म्हणत, "लाइट लाव वं." स्वतःच्या घराची बेल दाबत नसत, कडी वाजवत. छतावरची टाकी भरून वाहायला लागे, शेजारच्या काकू भिंतीवरून ओरडत, "अहो भाऊजी, मोटार बंद करा ना!" आणि बाबा बटणासमोर हात मागे बांधून उभे. मग मी पळायचो.

माझ्या डाव्या हाताकडेही ते बघत नसत. चहाचा कप देताना त्यांची नजर माझ्या खांद्यावर असे. एकदा माझं डोकंच फिरलं. "बाबा, बोटं गेली, मी नाही गेलो!" असं मी ओरडलो. ते उठून गच्चीवर गेले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑर्केस्ट्रावाल्यांनी दुसरा गिटारवाला घेतला. घेणारच ना, लग्नं काय माझ्यासाठी थांबणार होती? मी घरात येरझारा घालू लागलो. ज्या हातानं तारा दाबायच्या तोच गेला होता. मग सुचलं, हातांची अदलाबदल करू. तारा उजव्यानं दाबू, छेडू डाव्यानं. जुनी इलेक्ट्रिक गिटार उलटी धरून पाहिली, तर आवाजाची बटणं सारखी कोपराखाली येत. दुकानात विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "डाव्या हाताची? मंगवावी लागेल भाऊ, कधी येईल सांगता येत नाही." कधी येईल म्हणे! मला उद्यापर्यंत थांबवत नाही. मी तिथंच ठरवलं, घरीच बनवायची.

वाजवायचं तर होतंच. पण खरं सांगतो, त्याहून जास्त मला बाबांचा हात पुन्हा बटणावर बघायचा होता. मी वाजवायला लागलो की त्यांच्या मानगुटीवरचं हे भूत उतरेल, असं माझ्या डोक्यानं पक्कं धरलं होतं.

जुन्या दारांच्या दुकानातून सागवानाची जाड फळी आणली. पट्ट्या बसवलेली तयार मान, म्हणजे गिटारचा लांब दांडा, ऑनलाइन मागवली, जुन्या गिटारच्या मापाचीच. आमचं हुडकेश्वरचं घर लहान, म्हणून कारखाना गच्चीवर. मला रंधा धरता येत नव्हता, पटाशी सरळ जात नव्हती आणि धीर तर जन्मापासून नाही. पहिल्या दिवशी कापताना भुसा उडाला तो थेट आईच्या वाळत घातलेल्या कुरड्यांवर. "आता सागवानाच्या कुरड्या तळू का तुले?" असं म्हणत ती लाटणं घेऊनच वर आली.

बाबा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून बघायचे. जवळ येत नव्हते. आम्ही मूळचे विणकर. बाबांनी तरुणपणी मागावर लुगडी विणली, पुढे माग बंद पडले तेव्हा कापडाच्या दुकानात लागले. पण माप घेण्याची रीत सुटली नाही. आमच्या घरी टेप कोणी वापरत नाही. दार असो, पलंग असो, शाळेच्या गणवेशासाठी माझी उंची असो, बाबा सुताचा धागा लावणार, अंगठ्यानं ताणणार आणि गाठ मारणार. ती गाठ म्हणजे माप.

गिटारमध्ये एक माप चुकून चालत नाही. मानेच्या वरच्या टोकापासून तारा जिथं खाली अडकतात त्या ब्रिजपर्यंतचं अंतर. ते बिघडलं तर प्रत्येक सूर बिघडला. मला वाटलं, हेच काम बाबांना द्यावं. तेवढ्यानं तरी ते पायरीवरून उठतील.

"बाबा, जुन्या गिटारवरून एवढं माप घेऊन द्या ना."

"मले कायले सांगतं गा? माझा हात वाईट आहे."

"धागा आणा, बाबा."

ते उठले! धागा आणला, जुन्या गिटारवर लावला, गाठ मारली. मग तोच धागा नव्या फळीवर धरला आणि सवयीप्रमाणे अंगठ्यानं मस्त ताणला, मागावरचा ताणतात तसा. कपाळावर घाम, ओठ आवळलेले. किती महिन्यांनी त्यांना असं काही करताना पाहत होतो. मला टेपनं पुन्हा मोजायचं होतं. पण त्यांच्या देखत मोजलं असतं तर, तुमच्यावर भरवसा नाही, असं झालं असतं. मी गाठीवर खूण केली आणि भोकं पाडून टाकली.

तारा चढवल्या, मोकळी तार छेडली. छान! मग बरोबर मधल्या पट्टीवर दाबून छेडली. तिथं तोच सूर वर चढून यायला हवा. आला तो उतरलेला. ब्रिजचे स्क्रू टोकापर्यंत फिरवले, तरी सूर बसेना. टेप लावला. दुसऱ्यांदा ताणताना सुताचा धागा थोडा लांबला होता, आणि त्याच्याबरोबर ब्रिजही खाली सरकला होता.

बाबा बघत होते. लपवायची सोय नव्हती.

"चुकलं ना?" ते म्हणाले. "तुले म्हटलं होतं, हात वाईट आहे माझा." आणि जिना उतरू लागले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "थांबा! हात वाईट नाही, धागा वाईट आहे! सूत आहे ते, ताणल्यावर वाढणारच! त्यात काय एवढं? आणि त्या दिवशीही मीच प्लग काढायला पाहिजे होता, नुसतं बटण काय बंद केलं! आता खाली गेलात तर ही फळी मी गच्चीवरून फेकून देईन, सांगून ठेवतो!"

शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. मी रडतोय हे मला तेव्हा कळलं.

बाबा उभे राहिले. मग वर आले, फळीवरच्या भोकांवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "फेकू नको. भोकं बुजवता येतात का?"

आम्ही भोकं बुजवली. सागवानाच्या बारीक खुंट्या बाबांनी तासल्या, डिंकात बुडवून ठोकल्या. या वेळी माप टेपनं घेतलं. टेपचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. तरीही त्यांनी सवयीनं टेप ताणून पाहिला. "हा वाढत नाही," म्हणाले, आणि ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसले.

गिटार झाली. रंग एका बाजूला ओघळला होता, वजन बकेटभर पाण्याचं. खालच्या खोलीत अ‍ॅम्प्लिफायर जोडला, पट्टा गळ्यात अडकवला.

"बाबा, बटण दाबा."

"तूच दाब."

"मी नाही दाबत."

आई ओट्याजवळ हात पुसत थांबली. बाबा बटणाजवळ गेले. बोट पुढे केलं, मागे घेतलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "हात काढला का गा?"

मी दोन्ही हात वर केले. उंच, त्यांना दिसतील असे. त्यांनी आधी उजव्याकडे पाहिलं. मग डाव्याकडे. त्या दोन आखूड बोटांकडे बाबा पहिल्यांदाच बघत होते, आणि खूप वेळ बघत होते. मग त्यांनी बटण दाबलं.

अ‍ॅम्प्लिफायर घूं करू लागला. मी उजव्या हाताची अडाणी बोटं तारांवर रेटून एक कॉर्ड वाजवला. अर्ध्या तारा खरखरल्या. मधली पट्टी दाबली, सूर बसला.

"एवढ्यासाठी माह्या कुरड्या खराब केल्या?" आई म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली, "अहो, टाकी वाहून राहिली!" मी सवयीनं पट्टा काढायला लागलो.

"बस," बाबा म्हणाले. "तू वाजव." आणि ते बाहेर गेले.

मी तोच एक कॉर्ड पुन्हा वाजवला. बाहेर मोटार बंद झाली.